औषध कोंबडीला, अंडे कुणाच्या ताटात?

शेडमधल्या कोंबड्या शिंकू लागल्या, घशातून घरघर ऐकू येऊ लागली, की पहिला फोन बहुतेक वेळा औषध दुकानदाराला जातो. पाण्यात मिसळायची पूड सांगितली जाते. तीन ते पाच दिवसांचा डोस सुरू होतो आणि आजार जिवाणूंचा असेल तर कोंबड्या सावरतातही. मात्र या पाच दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यातही त्या अंडी देतच राहतात. ही अंडी वेगळी ठेवून नष्ट होतात, की नेहमीच्या ट्रेमध्ये भरून बाजारात जातात, याची नोंद बहुतांश ठिकाणी कुठेच नसते.

डिसेंबर २०२५ मध्ये अंड्यांविषयी देशभर जी खळबळ उडाली, तिचे मूळ याच प्रश्नात होते. एका ब्रँडच्या अंड्यांत नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकाचा अंश सापडल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली आणि ‘अंड्यांमुळे कर्करोग होतो’ असा सूर लागला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, देशातील अंडी खाण्यास सुरक्षित असून कर्करोगाशी जोडणारे दावे दिशाभूल करणारे आहेत, असा खुलासा केला. त्यानंतर चर्चा दोन टोकांत विभागली गेली. एका बाजूला अंडी बंद करणारी घरे, दुसऱ्या बाजूला ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारे. कोंबडी आजारी पडते तेव्हा नेमके काय केले जाते आणि काय करायला हवे, हा मधला मुद्दा दोघांकडूनही सुटला.

छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्याला हा मुद्दा जास्त लागू पडतो. जानेवारी २०२३ मध्ये राज्यात रोज सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा असल्याचे पशुसंवर्धन विभागाचे तत्कालीन अतिरिक्त आयुक्त डॉ. धनंजय परकाळे यांनी सांगितले होते. राज्याचा रोजचा खप सव्वादोन कोटींहून अधिक आणि उत्पादन एक ते सव्वा कोटी, असे ते गणित होते. ही तूट कर्नाटक, तेलंगणा आणि तामिळनाडूतून येणाऱ्या अंड्यांनी भरून निघत होती. त्या वेळी या शहरात शंभर अंड्यांचा घाऊक दर ५७५ रुपयांवर पोहोचला होता. म्हणजे शहरातल्या किराणा दुकानात दिसणारे अंडे कन्नड किंवा पैठण तालुक्यातल्या शेडमधले असेल, तसेच शेकडो किलोमीटरवरून ट्रकने आलेलेही असेल. ते ज्या कोंबडीने दिले, तिला गेल्या पंधरवड्यात काय पाजले होते, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दहा दिवसांचा बलक

औषध कोंबडीला दिले तर ते अंड्यात कसे उतरते, हे समजण्यासाठी अंडे कसे तयार होते ते पाहावे लागते. अंड्याचा पांढरा भाग काही तासांत तयार होतो आणि त्यावरचे कवच चढायला सुमारे वीस तास लागतात. पिवळ्या बलकाचे तसे नसते. अंडे बाहेर येण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत तो झपाट्याने वाढतो. यकृतात तयार झालेले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने रक्तावाटे येऊन त्याच्यावर थरांनी साचत जातात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयात लहान-मोठ्या आकाराचे असे अनेक बलक एकाच वेळी रांगेत असतात. एक आज बाहेर पडणार, दुसरा उद्या, तिसरा परवा.

त्यामुळे आज पाण्यातून दिलेले औषध फक्त आजच्या किंवा उद्याच्या अंड्यात जात नाही. रक्तात औषध असताना वाढत असलेल्या प्रत्येक बलकात त्याचा थोडा अंश अडकू शकतो आणि तो बलक आठ-दहा दिवसांनी अंड्यातून बाहेर येतो. डोस संपला, कोंबडी बरी झाली, म्हणजे अंडे स्वच्छ झाले असे होत नाही. औषध कोणते, किती दिवस आणि किती मात्रेत दिले, यावर हा काळ ठरतो. काही औषधे आतड्यातून रक्तात फारशी शोषलीच जात नाहीत, त्यांचा अंश अंड्यात नगण्य असतो. काही मात्र बलकात अनेक दिवस टिकून राहतात.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. औषधाचा शेवटचा डोस दिल्यापासून ठरावीक दिवस अंडी विकायची नाहीत. याला विथड्रॉवल पिरियड, म्हणजे प्रतीक्षाकाळ, म्हणतात. भारतात २०१२ मध्ये औषध नियमांत बदल करून खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या औषधांवर हा काळ छापणे बंधनकारक झाले. संबंधित प्राण्यासाठी काळ ठरवलेला नसेल, तर अंडी व दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असे हा नियम सांगतो. हा आकडा ‘किमान’ आहे, हे लक्षात ठेवायला हवे. बलक वाढण्याचा काळ सुमारे दहा दिवसांचा असल्याने काही औषधांचे अंश सात दिवसांनंतरही सापडू शकतात.

काही औषधांच्या बाबतीत तर थांबण्याचा हिशेबच लागू होत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन हे श्वसनाच्या व पोटाच्या आजारांत कोंबड्यांसाठी वापरले जाणारे औषध. युरोपीय संघात माणसांच्या खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देण्यास परवानगी नाही. अमेरिकेने तर २००५ मध्ये सगळ्याच कोंबड्यांसाठी त्याचा वापर बंद केला. कारण अंड्यातल्या अंशापुरते नव्हते. माणसांत जुलाब घडवणारे कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू त्याच गटातल्या औषधांना दाद देईनासे झाले होते.

याउलट कोंबड्यांच्या जंतांवर दिले जाणारे फेनबेंडाझोल आणि रक्ती हगवणीवरचे अँप्रोलियम ही औषधे काही देशांत अंडी न थांबवता देण्यास मान्यता आहे. मात्र ती मान्यता ठरावीक उत्पादन आणि ठरावीक मात्रेपुरती असते. त्यामुळे ‘कोंबडीला औषध दिले म्हणजे अंडे विषारी’ हे जितके चूक, तितकेच ‘औषधाने काही होत नाही’ हेही चूक. उत्तर औषधागणिक बदलते आणि ते बाटलीवरच्या लेबलावर असते.

एक मायक्रोग्रॅमचा गैरसमज

डिसेंबरच्या वादात सर्वाधिक गोंधळ एका आकड्याने घातला. नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांसाठी एफएसएसएआयने किलोमागे १ मायक्रोग्रॅम ही पातळी ठरवली आहे. वादातील चाचणीचा आकडा या पातळीच्या आत होता. ‘मग एवढे औषध चालते,’ असा अर्थ काहींनी काढला, तर ‘बंदी असलेले औषध चालतेच कसे,’ असा सवाल इतरांनी केला.

प्रत्यक्षात ही पातळी म्हणजे परवानगी नव्हे. कुक्कुटपालन आणि अंडी उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर नायट्रोफ्युरान वापरण्यास भारतात मनाई आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खाद्यप्राण्यांसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान असलेल्या औषधांची आयात, निर्मिती, विक्री आणि वितरणही बंद केले. एक मायक्रोग्रॅम ही प्रयोगशाळेने खात्रीने मोजावा असा आणि ज्याच्या वर कारवाई करायची असा अंमलबजावणीचा आकडा आहे. त्याच्या आतला अंश सापडला, तर ते अंडे खाणाऱ्याच्या जिवाला धोका आहे असा निष्कर्ष निघत नाही. पण कुठेतरी पाण्यातून, खाद्यातून किंवा परिसरातून हे औषध आले कसे, हे तपासण्याचे कारण मात्र मिळते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून हिशेब करता येतो. एक अंडे सुमारे ५० ग्रॅमचे. किलोमागे १ मायक्रोग्रॅम अंश असला, तर एका अंड्यात ०.०५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दोन कोटी भाग केल्यावर त्यातला एक भाग. नायट्रोफ्युरानवर जगभर बंदी आली ती प्राण्यांवरील प्रयोगांत दीर्घकाळ मोठ्या मात्रेने दिल्यावर गाठी झाल्या आणि या गटातील फ्युराझोलिडोनसाठी ‘एवढे सुरक्षित’ अशी मर्यादा तज्ज्ञांना ठरवता आली नाही म्हणून. ही बंदी योग्य आहे. पण तिच्यावरून ‘अंडे खाल्ले की कर्करोग’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

भीतीचीही किंमत असते. अंडे हे सर्वसामान्य घराला परवडणाऱ्या प्रथिनांपैकी एक. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. देशात २०२३-२४ मध्ये माणशी वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती, म्हणजे आठवड्याला दोन. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. ज्या मुलांच्या ताटातून अंडे आधीच गेले, त्यांच्या घरातूनही ते अफवेने जावे, हे परवडणारे नाही.

खरा धोका ताटाबाहेरचा

मग औषधांच्या अंशांची चिंता कशासाठी? पेनिसिलिनसारख्या औषधाची अॅलर्जी असलेल्या व्यक्तीला अंशही त्रास देऊ शकतो. पण मोठी चिंता वेगळी आहे. प्रतिजैविक जितके जास्त आणि जितके अर्धवट वापरले जाते, तितके जिवाणू त्याला सरावतात. हे सरावणे शेडच्या भिंतींच्या आत राहत नाही. कोंबडीला दिलेल्या औषधाचा मोठा भाग विष्ठेतून बाहेर पडतो. ती विष्ठा कोंबडखत म्हणून शेतात जाते. शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांवर, अंड्याच्या कवचावर, सांडपाण्यात हे जिवाणू पोहोचतात आणि माणसाला संसर्ग झाला की नेहमीची औषधे कामी येत नाहीत.

याचे मोजमाप झालेले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जगभरात एक किलो कोंबडी उत्पादनामागे सरासरी १४८ मिलिग्रॅम, तर गोवंशात ४५ मिलिग्रॅम प्रतिजैविके वापरली जात असल्याचा अंदाज मांडला. दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये तपासलेल्या चिकनच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

कोलिस्टिनचे उदाहरण बोलके आहे. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इतर सर्व औषधे हरल्यावर डॉक्टर जे औषध काढतात, त्यांपैकी हे एक. तेच कोंबड्यांची वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज उडी मारणारे जनुक शोधले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राणी, कुक्कुटपालन आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री व वितरण बंद केले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातून ते काढून टाकल्यानंतर पुढच्या काही वर्षांत प्राण्यांत आणि माणसांत कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण घटल्याचे आढळले. बंदी नीट पाळली तर तिचा उपयोग होतो, हा त्यातला दिलासा.

सात दिवसांचा तोटा कुणाचा?

नियम आहेत, लेबल आहे, तरी प्रतीक्षाकाळ पाळला का जात नाही? याचे उत्तर अज्ञानात जितके आहे, त्याहून अधिक हिशेबात आहे. पाच हजार कोंबड्यांचे शेड धरू. शंभरातल्या ८५ कोंबड्या रोज अंडे देतात असे मानले, तर दिवसाला ४,२५० अंडी. शेतकऱ्याच्या हाती अंड्यामागे पाच रुपये पडले, तर दिवसाचे २१,२५० रुपये आणि सात दिवसांचे १ लाख ४८ हजार ७५० रुपये. औषध सुरू असतानाचे पाच दिवस धरले तर नुकसान अडीच लाखांच्या पुढे जाते. खाद्य, वीज, मजुरी आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अंड्यांना मागणी आणि दर हिवाळ्यात वाढतो, श्वसनाचे आजारही थंडीतच बळावतात. ज्या महिन्यात अंडी फेकायची, तोच कमाईचा महिना असतो.

बर्ड फ्लूच्या वेळी सरकारी व्यवस्था वेगळी वागते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले. एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करण्यात आले. त्या वर्षी राज्यात आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या पक्ष्याला ९० रुपये आणि नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये भरपाई ठरली होती. ती पुरेशी होती का, हा वेगळा वाद. पण माहिती लपवू नये म्हणून भरपाई असावी लागते, हे तत्त्व त्यामागे होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासूनचा तो धडा आहे. जिवाणूजन्य आजारात औषध देऊन सात दिवस अंडी नष्ट करणाऱ्या शेतकऱ्यासाठी अशी कोणतीही तरतूद नाही. जो नियम पाळतो तो एकटा तोटा सोसतो, आणि जो पाळत नाही त्याची अंडी त्याच ट्रेमध्ये त्याच दराने विकली जातात.

कायद्यातही एक फट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २१ नुसार ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक पशुऔषधांचे किंवा प्रतिजैविकांचे अंश असलेले अन्न चालत नाही. त्याच कायद्याचे कलम १८ शेतकरी आणि शेतावरच्या उत्पादनाला त्यातून वगळते. म्हणजे शेडमध्ये काय पाजले जाते, तिथे हा कायदा पोहोचत नाही. अंडे व्यापाऱ्याकडे आले की मात्र तो लागू होतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन एकच असल्याने औषध दुकानांची तपासणी आणि अन्नाचे नमुने ही दोन्ही कामे त्याच खात्याकडे आहेत. कोंबड्यांचे आरोग्य पशुसंवर्धन विभागाकडे. दुकानातून चिठ्ठीविना गेलेली प्रतिजैविके, शेडमधला आजार आणि बाजारातले अंडे यांची माहिती या दोन खात्यांत एकमेकांना जोडली जात नाही.

नेदरलँड्समध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात काय झाले, ते यासाठी आठवायला हवे. कोंबड्यांच्या अंगावरच्या लाल किडींवर फवारणी करणाऱ्या एका कंपनीच्या औषधात फिप्रोनिल हे खाद्यप्राण्यांसाठी बंदी असलेले कीटकनाशक निघाले. सुमारे १८० पोल्ट्री फार्म तात्पुरते बंद करावे लागले आणि अनेक देशांच्या बाजारांतून लाखो अंडी परत मागवली गेली. तिथल्या प्रत्येक अंड्यावर फार्मचा क्रमांक छापलेला असतो. त्यामुळे सरकारने बाधित क्रमांक जाहीर केले आणि लोकांनी फ्रिजमधली अंडी त्या यादीशी ताडून पाहिली. फसवणूक तिथेही झाली, पण ती कोणत्या शेडपर्यंत जाते हे शोधता आले. शहागंज किंवा सिडकोतल्या दुकानातून घेतलेल्या सुट्या अंड्यावर असा कोणताही क्रमांक नसतो.

औषधाची वेळ येऊ नये म्हणून

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे अनेक मोठे आजार विषाणूंचे आहेत. रानीखेत म्हणजे मानमोडी, देवी, गंबोरो, मरेक्स. यांवर प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. उपाय एकच, वेळेवर लसीकरण. तरीही मानमोडीत कोंबड्या लंगडू लागल्या, हिरवट संडास करू लागल्या की ‘काहीतरी द्यायला हवे’ म्हणून प्रतिजैविक दिले जाते. कोंबड्या वाचत नाहीत, औषधाचा खर्च होतो आणि उरलेल्या कोंबड्यांची अंडी मात्र अंश घेऊन बाजारात जातात. अशा वेळी मेलेली कोंबडी शवविच्छेदनासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे हे पहिले पाऊल असायला हवे. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यातच आहेत. आजाराचे निदान झाल्यावरच औषध, हा क्रम उलटला की सगळे बिघडते.

लसीकरणाने अंडे किती सुरक्षित होते, याचे उदाहरण ब्रिटनचे. १९८८ मध्ये तिथे अंड्यांतील साल्मोनेला जिवाणूंवरून मोठा गदारोळ झाला आणि अंड्यांची विक्री कोसळली. पुढे उत्पादकांनी १९९८ पासून कोंबड्यांचे लसीकरण, अंड्यावर शिक्का आणि नोंदी अशी संहिता स्वीकारली. २०१७ मध्ये त्या शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनीही अर्धकच्ची खायला हरकत नाही, असे तिथल्या अन्न यंत्रणेने सांगितले. वीस वर्षे लागली, पण विश्वास परत मिळाला.

परसबागेत दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. ‘गावरान’ म्हणून जास्त दराने विकले जाणारे अंडे औषधमुक्तच असेल, असे गृहीत धरले जाते. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या-कॅप्सूल फोडून कोंबड्यांना पाजल्या जात असतील, तर त्याचा अंश गावरान अंड्यातही तसाच उतरतो. तिथे ना मात्रा ठरलेली असते, ना थांबण्याचे दिवस. कोंबडीपालकाने चार गोष्टी पाळल्या तरी बराच फरक पडेल. औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनेच घ्यावे. अंड्यावरच्या कोंबडीसाठी ते चालते का, हे स्पष्ट विचारावे. औषधाचे नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख वहीत लिहावी. शक्य असेल तर आजारी कोंबड्या वेगळ्या करून फक्त त्यांनाच औषध द्यावे, म्हणजे फेकायची अंडीही तेवढीच राहतात.

घरी अंडी आणणाऱ्यांच्या हातात काय आहे? अंडे उकळले किंवा तळले की औषधाचा अंश नाहीसा होतो, हा समज खरा नाही. काही औषधे उष्णतेने थोडी कमी होतात, काही अजिबात होत नाहीत. बलकाचा गडद रंग, कवचाचा तपकिरी रंग यांवरूनही औषध ओळखता येत नाही. जिवाणू आणि बर्ड फ्लूचा विषाणू मात्र पूर्ण शिजवल्याने मरतात. म्हणून पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना कच्चे किंवा हाफफ्राय देऊ नये. तडा गेलेली अंडी घेऊ नयेत. मळलेले अंडे धुवायचे तर वापरण्याच्या आधी धुवावे, धुऊन साठवू नये. त्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जिवाणू आत शिरायला वाट मिळते. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

यापलीकडचे काम घरातून होणारे नाही. एप्रिल २०२५ पासून अंडी, दूध, मांस यांच्या उत्पादनात वापरण्यास मनाई असलेल्या प्रतिजैविकांची वाढीव यादी लागू झाली आहे. तिचा उपयोग नमुने किती घेतले जातात आणि त्यांचे निकाल लोकांसमोर येतात का, यावर ठरेल. घाऊक बाजारात येणाऱ्या प्रत्येक ट्रेवर फार्मचे नाव आणि तारीख असावी, ही मागणी खर्चिक नाही. विभागीय पातळीवर दर तीन महिन्यांनी अंड्यांचे नमुने तपासून निकाल जाहीर करणे, प्रतिजैविकांच्या विक्रीच्या नोंदी पशुसंवर्धन विभागाला कळवणे आणि प्रतीक्षाकाळात अंडी नष्ट करणाऱ्या लहान उत्पादकासाठी विमा किंवा भरपाई देणे, ही तीन कामे एकत्र झाली तर नियम कागदावरून शेडपर्यंत जाईल.

राज्याला रोज लाखो अंडी बाहेरून आणावी लागतात, म्हणून उत्पादन वाढवण्याच्या योजना आखल्या जातात. नवी शेड उभी राहतील, कोंबड्या वाढतील, त्यांच्यासोबत आजारही येतील. प्रत्येक नव्या शेडसोबत लसीकरणाचे वेळापत्रक, औषधांची वही आणि जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक पोहोचला, तर पुढच्या हिवाळ्यात एखाद्या चित्रफितीने घराघरांत घबराट माजणार नाही. आणि कुणी विचारलेच, की या कोंबडीला काय पाजले होते, तर निदान एका वहीत त्याचे उत्तर लिहिलेले असेल.